टोल्यावर जेवणारा माणूस

शेल्फावर ठेवायची, टोले देणारी जुनी लाकडी घड्याळं जमवून दुरुस्त करायचा मला नाद आहे. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आता जागा उरलेली नाही. नवं घड्याळ आलं की बायको नुसती बघते.

मागे गिरगावातल्या एका चाळीतून एका काकूंचा फोन आला. घड्याळ विकायचं असेल असं वाटलं. गेलो तर म्हणाल्या, "विकायचं नाही. हे जेवत नाहीत हो. तेवढं घड्याळ चालू करून द्या."

काका खाटेवर बसले होते. ते एका शाळेत शिपाई होते, घंटा द्यायचं काम त्यांचं. निवृत्त होताना ऑफिसातलं हे घड्याळ शाळेने त्यांना दिलेलं. आता ते मुलीलाही ओळखत नव्हते, पण बाराचे टोले पडले की पानावर बसायचे. घड्याळ बंद पडल्यापासून काकू ताट पुढे करायच्या आणि ते म्हणायचे, "अजून वाजले कुठे?"

टोल्यांची स्प्रिंग तुटली होती. तशी दुसरी मिळेना, तेव्हा माझ्याकडच्या एका घड्याळातली काढून बसवली. घड्याळ परत नेलं. बारा वाजले, काका हात धुऊन आले आणि आमटीभात जेवले. काकू वाढता वाढता डोळे पुसत होत्या.

थोड्याच दिवसांत पुन्हा फोन. अकराचे टोले पडले की काका चपला घालून शाळेत निघत होते. पूर्वी असं करत नसत, दुखणं वाढलं असावं. शाळा केव्हाच बंद झालेली, तिथे पत्रे ठोकलेले.

"टोले बंद करतो, काकू. आतली हातोडी काढली की झालं."

"मग जेवतील कसे?"

दाराला वरची कडी लावत जा, एवढंच म्हटलं.

एका सकाळी गॅसवाला आला, दार उघडं राहिलं आणि अकरा वाजले. रस्त्यात मोटरसायकलची धडक बसून काकांचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात ते तोंड उघडेनात. काकूंच्या सांगण्यावरून मी घड्याळ पिशवीत घालून तिथे नेलं. सिस्टर म्हणाल्या, "बाकीच्या पेशंटना त्रास होईल. नाही चालणार." त्यांचंही बरोबर होतं. मी पिशवी घेऊन कॉरिडॉरमध्ये बसून राहिलो. नाकातल्या नळीवर काका काही दिवस राहिले, मग गेले.

काकूंनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

खोली बंद करून मुलीकडे जायच्या आधी त्यांनी मला बोलावलं आणि घड्याळ हातात दिलं. तुम्हीच ठेवा, म्हणाल्या. मी ते छातीशी धरून निघालो. त्या दारापर्यंत आल्या.

"जिन्यात अंधार आहे," त्या म्हणाल्या. "जपून उतरा."