प्रतिकारशक्तीची कुस्ती

लिहिण्याची माझी पात्रता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडेच असतं, आणि तिथंच घोळ झाला.

कोल्हापूरहून तापानं फणफणत मी गावी आलो. तीन दिवसांनी जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान होतं. "यंदा पडलो तर लंगोट खुंटीला!" असं तानाजीकाकानं गावभर सांगून ठेवलेलं. समोरचा पैलवान गडहिंग्लजचा. रीतीप्रमाणे मी आलो त्याच संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला आला. रस्सा वाढताना मी दोनदा शिंकलो.

"पोरानं सलामी दिली की!" पाहुणा हसला.

तो गेल्यावर मी गोळी घेतली.

"कसली गोळी रं?" काकानं विचारलं.

"विषाणूवरची. प्रतिकारशक्ती वाढवते."

"प्रतिकार म्हंजे समोरच्याला अडवायचं, न्हवं?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो. (नीट समजावून सांगायचा धीर झाला नाही!)

मैदानाच्या आदल्या दिवशी पाकिटातल्या दोन गोळ्या गायब!

"काका, तुम्ही खाल्ल्या?"

"कुस्ती माझी, ताप तुझा. शक्तीची गरज कुणाला जास्त?"

मी घाबरून डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. "काही होणार नाही. आता आणखी देऊ नका, पाणी भरपूर पाजा," ते म्हणाले. आईनं शेवटचे तीन शब्दच ऐकले! तांब्यामागून तांब्या सुरू झाला. कुस्तीच्या सकाळी काका तालमीत कमी आणि संडासात जास्त!

"व्हय रं," आई मला म्हणाली, "शक्ती खालनं चाललीया काय?"

दुपारी सगळे मैदानाला गेले. मी अंथरुणात, कान हलगीकडे. काकाची कुस्ती गेली तर ती माझ्यामुळेच, एवढंच डोक्यात. अचानक हलगी थांबली. शेजारचे शब्बीरचाचा धापा टाकत दारात आले.

"पडला की रं!"

"काका?" मी ताडकन उठून बसलो.

"काका न्हवं, पावणा! हाताला हात लावला न्हाय तवर शिंकाय लागला. एक, दोन, तीन! तिसऱ्याला त्याचं डोळं मिटलं, तुझ्या काकानं पट काढला आन् अस्मान दाखवलं!"

"ताप आहे का त्याला?" मी विचारलं.

"कालपासनं फणफणलाय म्हणं बिचारा."

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. काका आजही त्या गोळीचे गुण गातो. शिकून मी घराचं नाव काढीन, अशी आईची फार इच्छा होती. काढलं की! फक्त शिंकून!