आमची कंपनी कोणीतरी घेणार होतं

बातमी आम्हाला कंपनीने सांगितली नाही, एका प्रवाशाने सांगितली. थंडीचे दिवस होते. मी त्याला बॅग काट्यावर ठेवायला सांगितली, तर त्याने हातातला मोबाइल माझ्यासमोर धरला. “मॅडम, आपकी कंपनी बिक रही है क्या?” मी हसले आणि बोर्डिंग पास त्याच्या हातात दिला. लोक काहीही बोलत असतात. पण शेजारच्या काउंटरवरची मुलगी हसली नाही. तिने तोवर आपल्या फोनवर बातमी काढली होती. एक मोठी विमान कंपनी आमची छोटी कंपनी विकत घ्यायच्या विचारात आहे, एवढंच त्यात होतं. पुढे विमानं किती, मार्ग किती, याचा हिशेब होता. माणसांचा कुठे उल्लेख नव्हता. मी दोनदा वाचून पाहिलं.

आमची विमानं पंख्यांची, लहान. ग्वाल्हेरहून जवळच्या शहरांत जायची आणि परत यायची. इथल्या विमानतळावर कंपनीचं स्टेशन सुरू झालं तेव्हापासून मी काउंटरवर होते. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा लागले, आता ती कॉलेजात जाते.

त्या दिवशी विमान गेल्यावर आम्ही मागच्या खोलीत चहा घेत बसलो. काउंटरवरची मुलगी भिंडची, नोकरीत नवीन. ती खूश होती. “दीदी, बड़ी कंपनी है. ट्रेनिंग दिल्ली में होगी, देखना.” स्टेशन मॅनेजर भोपाळचे. तेही म्हणाले की काळजीचं काही नाही, उलट आता आपल्याला कोणी विचारेल. पण बोलताना ते सारखे घड्याळ बघत होते. विमानाची देखभाल करणारे काका मात्र चहा अर्धाच ठेवून उठले. ते हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले, घरात पिढ्यांपासून फौजेतली माणसं, आणि माझ्याशी मराठीत बोलणारे तिथले एकटेच. बाहेर पडताना मला म्हणाले, “ताई, त्यांना विमानं हवीत. आपण विमानासोबत फुकट येतो. फुकट आलेली वस्तू माणूस किती दिवस ठेवतो?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी, दर्पण कॉलनीत, मी भाजी चिरत होते आणि तेच ऐकत होते. शेवटी सासऱ्यांना सांगितलं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वाटलं, धीर देतील.

“विलीनीकरण म्हण ना,” नाना म्हणाले. “आमच्याकडे झालंय ते.”

त्यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा नाना लहान होते, पण त्यांना आठवत होतं. वडील रोज दफ्तरात जायचे आणि घरी येऊन म्हणायचे, आज पण काही कळलं नाही. जेवताना घास हातातच राहायचा.

“मग नोकरी गेली का?” मी विचारलं.

“नाही, नोकरी राहिली. माणूस गेला. आधी इंदूरला, मग भोपाळला. आम्ही आईसोबत इथेच.” मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाले, “तुझं तसं नाही होणार.”

मुलीने आतून ओरडून सांगितलं, “आई, टेन्शन मत लो यार, इंदौरला शिफ्ट होऊ ना सगळे!” नवऱ्याचं दुकान पाटणकर बाजारात, नानांचे डॉक्टर इथले. सगळे कुठले शिफ्ट होणार?

त्यानंतर फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. बँकेचा मेसेज आला तरी लगेच उघडून बघायचे. काउंटरवर मी प्रवाशांची नावं चुकीची वाचायला लागले. आम्ही एकमेकांकडे बघून अंदाज लावायचो, कोणाला काही कळलंय का. मॅनेजर बाहेर जाऊन फोनवर बोलले तरी आमचे कान तिकडे. एकमेकांपासून लपवायला कोणाकडे काही नव्हतं, तरी आम्ही सगळे लपवत असल्यासारखे वागत होतो.

मग कळलं की घेणाऱ्या कंपनीचे दोन अधिकारी स्टेशन बघायला येणार आणि कर्मचाऱ्यांचं मतही विचारणार. मॅनेजरांनी आम्हाला एकत्र बोलावलं. “सब एक ही बात बोलेंगे. हम खुश हैं, हम तैयार हैं. बस.” महाराज बाड्याच्या बाजारातून तिळाच्या गजकचे डबे मागवले गेले. खोलीतला फाटका सोफा झाकला.

ते यायचे त्या दिवशी सकाळी असं धुकं पडलं की काउंटरवरून समोरचा दरवाजा दिसेना. त्यांचं विमान इथे उतरूच शकलं नाही. ते दिल्लीहून गाडीने आले, दुपारी, थकलेले. तोवर आमचे प्रवासी चिडून काउंटरवर जमले होते. एका आजोबांना भावाच्या अंत्यविधीला पोचायचं होतं. ते ओरडत नव्हते, नुसते काउंटरला हात टेकून उभे होते, आणि ते मला जास्त जड जात होतं. मी त्यांना टॅक्सी मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली. अधिकारी मागे उभे राहून हे सगळं बघत होते. चांगलं की वाईट, काही कळत नव्हतं.

मग मागच्या खोलीत आमचं मत विचारलं गेलं. दोघा अधिकाऱ्यांतल्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, खुश हैं, तैयार हैं. मॅनेजर तेच म्हणाले, जरा लांबवून. काकांनी सरळ विचारलं, “मॅडम, ग्वालियर से उड़ानें चालू रहेंगी?”

“सब कुछ रिव्ह्यू होगा,” बाई हसून म्हणाल्या.

माझी पाळी आली. मी ‘खुश हैं’ म्हणणारच होते. तेवढ्यात खिडकीबाहेर आमचे सामान चढवणारे दिसले. धुक्यात गाडीला टेकून उभे होते, अंगावर आमच्याच कंपनीची पिवळी जाकिटं. मी विचारलं, “इनसे भी कोई पूछेगा?”

बाईंनी बाहेर बघितलं. “वे तो ठेकेदार के लोग हैं. आपके कर्मचारी नहीं हैं.”

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. खरं तेच बोलल्या. पण खोलीचं दार उघडं होतं. सामान चढवणाऱ्यांपैकी मोठा भैया चहाचे पेले घ्यायला दारात आला होता. त्याने ऐकलं. पेले उचलले आणि निघून गेला.

अधिकारी गेल्यावर मॅनेजर माझ्याशी बोलेनात. मीही स्वतःवर चिडले होते. बदलीत पहिलं नाव आपलंच, अशी माझी खात्री झाली. रोज सकाळी साडी नेसताना वाटायचं, आज शेवटचा दिवस असेल. नाना रोज विचारायचे, “काही कळलं?” आणि मी म्हणायचे, “आज पण नाही.”

हिवाळा सरत आला तेव्हा कळलं, व्यवहार फिसकटला. मोठ्या कंपनीने माघार घेतली. कारण कोणी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून आपण रडू, नाहीतर पेढे आणू. तसं काही झालं नाही. काउंटरवरची मुलगीच रडली, तिची दिल्ली गेली म्हणून. काकांनी दरम्यान हैदराबादला दुसरी नोकरी धरली होती, ते आठवड्याभरात जाणार होते. “आता कशाला जाता?” मी विचारलं. ते म्हणाले, “ताई, हे गेले. दुसरे येतील. या वयात पुन्हा तसं बसून वाट बघवणार नाही.”

पुढच्या सोमवारी सामान चढवणारे आलेच नाहीत. ठेकेदाराला फोन केला तर कळलं, भैया आपल्या माणसांना घेऊन मालनपूरच्या एका कारखान्यात लागला. विमान उतरलेलं, प्रवासी आत बसलेले, बॅगांची गाडी भरून तशीच उभी. मग मॅनेजरांनी टाय काढून खिशात कोंबला, बाह्या सरसावल्या आणि पहिली बॅग उचलली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले, “मॅडम, छोटे वाले बैग आप पकड़ाइए.”

मी त्यांच्या हातात बॅगा देत राहिले. विमान उशिराने गेलं, पण गेलं.