मूर्तीचा हरवलेला पाय

तो मातीच्या रंगाचा पाय आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा. त्याच्यापायी एका मुलीचे इथले सगळे भवितव्य टांगणीला लागले होते.

कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या एका ठाण्यात मी काही वर्षे कॉन्स्टेबल होते. आता ती नोकरी सोडली आहे, म्हणून लिहिते. नावे मात्र कोणाचीच देणार नाही.

तक्रार एका सुखवस्तू वृद्धाची होती. त्याच्या घरी हजारो वर्षांपूर्वीची एक जपानी मातीची मूर्ती होती. तिकडे तिला दोगू म्हणतात. रुंद खांदे, आखूड हातपाय आणि मोठे फुगीर डोळे, मध्ये फक्त एक आडवी चीर. आर्क्टिकचे लोक बर्फात हाडाचे चष्मे घालत, तसे. तिचा डावा पाय गायब होता. साफसफाईला येणाऱ्या मुलीने मूर्ती मोडली आणि पाय लपवून नेला, असे त्याचे म्हणणे. शेजारणीनेही फोन करून सांगितले, की ती बसस्टॉपवर फॉइलमध्ये गुंडाळलेले काहीतरी बॅगेत टाकत होती.

सार्जंट आणि मी पंचनाम्याला गेलो. वृद्ध मूर्ती जमिनीतून कशी निघाली ते सांगू लागला. सार्जंटने त्याला मध्येच तोडले, "सर, पाय नाही हे कधी लक्षात आलं, तेवढंच सांगा." वृद्धाचा चेहरा पडला. ते मी पाहिले. मी कमी बोलते, त्यामुळे असे काहीबाही दिसत राहते.

मुलगी साताऱ्याकडची. कॉलेज संपवून पीआरला, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीला, अप्लाय करण्याच्या तयारीत होती. चौकशीच्या खोलीत मी तिला वकिलाचा हक्क समजावला, मग इंग्रजीत प्रश्न विचारला. तिने माझ्या छातीवरच्या पट्टीवरचे आडनाव वाचले.

"ताई, मराठीत बोलू का? इंग्रजीत मला नीट भांडता येत नाही."

माझे मराठी शाळेत इंग्रजीखाली दबलेले. तरी म्हटले, "बोल."

"मी फडकं मारलं तेव्हा दोन्ही पाय होते. फॉइलमध्ये पोळी-भाजी होती. माझ्या बेसमेंटची झडती घ्या म्हटलं, तुमच्या लोकांनी पिठाचा डबासुद्धा पालथा केला. मिळाला का पाय?"

"नाही मिळाला."

"मग आता काय, माझे दोन मोजणार?"

मला हसू आले. रेकॉर्डिंग चालू होते, म्हणून आवरले.

बाहेर सार्जंटने तोडगा काढून ठेवला होता. तिने चूक मान्य करावी, माफी मागावी, कोर्टात न जाता फाइल बंद. त्याला तो दयाळूपणा वाटत होता. मी तिला तोडगा सांगितला. तिने नकारार्थी मान हलवली.

"मान्य केलं की ते कायम कागदावर राहणार. उद्या पीआरचा ऑफिसर तेच वाचणार. आणि तो कागद नसता तरीही नाही. जे केलंच नाही त्याची माफी मी मागणार नाही. भारतात परत पाठवलंत तरी चालेल."

तिची मान ताठ होती.

मी सार्जंटला म्हणाले, "मला तक्रारदाराशी पुन्हा बोलायचंय."

"काय? जरा मोठ्याने बोल. तुझा आवाज टेबलाच्या पलीकडे येत नाही."

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, आणि गेले.

वृद्धाच्या संमतीने रेकॉर्डर लावला आणि म्हटले, "त्या दिवशी तुमची गोष्ट अर्धी राहिली." एवढेच. पुढे मी गप्प बसले.

तो खुलला. तरुणपणी तो उत्तर जपानमध्ये इंग्रजी शिकवत असे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात चर खणताना फावडे कशाला तरी लागले. आधी एक डोळा दिसला, मग दुसरा. सगळे बोटांनी माती सारू लागले. सांगताना त्याची बोटे हवेत माती सारत होती. "अंधार पडेपर्यंत आम्ही सगळे चिखलात रांगत होतो. सगळी माती चाळणीतून काढली, पण पाय काही..."

तो थांबला.

मी थांबलेलीच होते. तो पाणी प्यायला, त्याने खिडकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. शेवटी मी विचारले, "मग तिने नेला तो पाय कुठला?"

तो उठला. त्याच्यामागून मी गॅरेजमध्ये गेले. रचून ठेवलेल्या विंटर टायर्सच्या पोकळीत हात घालून त्याने मोज्यात गुंडाळलेला पाय काढला. वरून मातीचा रंग, मोडल्या जागी पांढरेशुभ्र प्लास्टर.

पाय त्याने पूर्वीच कोणाकडून तरी बनवून घेऊन चिकटवला होता आणि मूर्ती अखंड असल्याचे सगळ्यांना सांगितले होते. आता एक म्युझियम ती बघायला येणार होते. मूर्ती पुसून ठेवताना पाय त्याच्याच हातात निखळून आला. खोटेपणा उघडा पडण्यापेक्षा कामवालीवर ढकलणे त्याला सोपे वाटले. म्युझियमच्या बाईंनी नंतर मला सांगितले, की अशा मूर्ती जमिनीतून बहुतेक मोडक्याच निघतात. मोडकी म्हणून कोणी तिला नाकारलेच नसते.

मुलीवरची तक्रार खोटी ठरली, तसे लेखी तिच्या हाती दिले. खोट्या तक्रारीबद्दलचा अहवाल सरकारी वकिलांकडे गेला. तिने आणखी एकच गोष्ट मागितली: वृद्धाने ठाण्यात येऊन, सार्जंटसमोर माफी मागावी.

तो आला. काउंटरपाशी खाली बघत काहीतरी पुटपुटला.

ती इंग्रजीत म्हणाली, "सर, ऐकू नाही आलं."

सार्जंटने 'पुरे आता' अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. टेबलापलीकडे न जाणारा माझा आवाज त्या दिवशी दारापर्यंत गेला.

"मलाही नाही."

वृद्धाने पुन्हा सांगितले. बाकावर बसलेल्या लोकांनीही ऐकले.

त्यानंतर नोकरीत अनेकदा मला सांगण्यात आले, की अमक्याला माफी मागायला लाव आणि फाइल मिटव. मी दर वेळी आधी विचारत असे, "कशाची?"