पहिला कप पाहुण्याला

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं नारपोलीत कापडाच्या लूमवर काढली. लूमच्या खटखटीत बोलून काही उपयोग नसतो. धागा तुटला की बोट दाखवायचं, पाणी हवं असलं की अंगठा ओठाला लावायचा, झालं. त्यामुळे घरी आले की बाबा साधी भाजी मागतानाही भांडल्यासारखे बोलत, आणि आई म्हणायची, "अवं, हितं लूम न्हाय. हळू बोला." कामाच्या जागी आपलं म्हणणं कुणी ऐकून घेतं, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. म्हणून पुढे जे झालं त्याचं मला इतकं वाईट वाटतं.

कारखाना बंद पडला आणि बाबा काल्हेरला गोदामांच्या एका मोठ्या संकुलात लागले. संकुलाचा स्वतःचा बंब होता, आग विझवायला स्वतःची माणसं होती. बाबा त्यांच्यात शिरले. त्यांचे प्रमुख फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. आवाज परेडचा, स्वभाव मात्र अगदी मऊ. पहिल्याच दिवशी आगीचा सराव झाला, पाण्याचे होज धुऊन वाळत टाकले आणि किटलीतून चहा आला. बाबांचे पांढरे केस पाहून कुणीतरी पहिला कप त्यांच्या हातात दिला. बाबांना वाटलं, आपल्याला मान दिलाय तर काहीतरी बोललं पाहिजे. ते म्हणाले, "शिडीला कुलूप हाय आन् चावी गेटवर. आग लागल्यावर चावी आणाया कोन पळंल?"

सगळ्यांनी सुभेदारांकडे बघितलं. मग सुभेदारच हसत सुटले. कुलूप त्याच दिवशी निघालं आणि तेव्हापासून रीतच पडली. सरावानंतरचा पहिला कप सगळ्यात नव्या माणसाला, आणि ज्याच्या हातात कप येईल त्याने मनातलं बोलून टाकायचं. सुभेदारांचा कप शेवटचा; तो मिळेपर्यंत त्यांनी तोंड उघडायचं नाही. पुढे नवी भरती झालीच नाही, त्यामुळे वयाने सगळ्यांत थोरले असलेले माझे बाबा वर्षानुवर्षं नवेच राहिले. सरावाच्या दिवशी ते लग्नाला निघाल्यासारखे भांग पाडून घराबाहेर पडत. आई तोंडाला पदर लावून हसायची.

त्या टीममध्ये बाबांचा एक जिवाभावाचा माणूस होता. तोही आधी लूमवरच होता, उत्तरेकडून आलेला. बाबा त्याला नुसतं 'भाई' म्हणत. भाईच्या डब्यातलं लोणचं बाबांच्या ताटात आणि आईचं सुकटाचं कालवण भाईच्या ताटात, असा दोघांचा रोजचा व्यवहार.

दरम्यान मी मानसशास्त्र शिकले आणि दुसऱ्या गावी, एका लष्करी महाविद्यालयात संशोधन सहायक म्हणून कंत्राटावर लागले. जिथे चूक झाली की जीव जातो अशा संस्थांमध्ये माणसं कशी वागतात, हा आमचा विषय. पाणबुडी, विमान, शस्त्रक्रियेची खोली, दारूगोळ्याचं कोठार. फिरून फिरून आम्ही एकाच प्रश्नावर यायचो: धोका दिसलेला असतो, ज्याला दिसलाय तो माणूस तिथेच उभा असतो, तरी तो वरच्याला सांगत का नाही? आमचे प्रमुख कर्नल होते, दक्षिणेकडचे, बुद्धीने तल्लख आणि वागायला अगदी सरळ. एकदा कॅन्टीनमध्ये मी त्यांना बाबांच्या चहाची गोष्ट सांगितली. माझा बाप किती भारी आहे हे सांगायची हौस, दुसरं काय! कर्नल हातातला चमचा खाली ठेवून म्हणाले, "हे मला बघायचंय."

बघायचं ठरलं. मी आदल्या रात्रीच घरी येऊन राहिले होते. संकुलात जायच्या दिवशी सकाळी बाबा आरशासमोर उभे राहून मला म्हणाले, "आज बोलायचं हाय. मोठं हाय."

"काय ते?"

"आत्ता न्हाय. चहाला."

मी हट्ट केला, पण ते बधले नाहीत. चहाच्या वेळी, सगळ्यांच्या तोंडावर बोललं तर ते बोलणं. त्याच्या आधी किंवा नंतर कुणाला बाजूला घेऊन सांगितलं, साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, तर ती चुगली. लूमवाल्यांच्या जगात चुगलीखोराएवढं हलकं कुणी नसतं. सकाळी साहेबाच्या खोलीत जाणाऱ्याशी संध्याकाळी कुणी विडी वाटून घेत नाही. बाबांचा हा हिशेब मला लहानपणापासून माहीत होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

सराव छान झाला. होज धुतले, वाळत घातले. एरवी ही माणसं बंबाच्या सावलीत उकिडवी बसत. त्या दिवशी संकुलाच्या मॅनेजरने पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोसे मागवले होते. किटली आली. रीतीप्रमाणे पहिला कप बाबांच्या हातात आला.

बाबांनी तो कप घेतला, दोन पावलं पुढे आले आणि अदबीने कर्नलच्या हातात दिला.

त्यांना कुणी खुणावलं नव्हतं. दारात पाहुणा आलेला असताना स्वतः आधी चहा प्यायचा, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. मीसुद्धा तेच केलं असतं, सुभेदारांनीही तेच केलं असतं. कर्नलना रीत मी आधीच सांगितली होती, त्यामुळे कप हातात आल्यावर बिचारे नियम पाळायला उभे राहिले. इतकी मोकळी, इतकी शिस्तीची टीम आपण पाहिली नाही, असं ते मनापासून बोलले. दुसरा कप सुभेदारांना गेला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग मॅनेजर. मग कप खाली खाली येत गेला आणि प्रत्येक जण आधीच्याला मान डोलवत गेला. भाई म्हणाला, "सब बढ़िया है साहब, घर जैसा है."

बाबांना शेवटचा कप मिळाला. त्यांनी सुभेदारांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे बघितलं. एवढ्या कौतुकात खडा कसा टाकायचा!

"सगळं बराबर हाय, साहेब," बाबा म्हणाले. त्याचं इंग्रजी मी करून सांगितलं आणि कर्नलनी हसून मान हलवली.

परतताना मी विचारलं, "बाबा, ते मोठं काय होतं?"

"पुढच्या चहाला," ते म्हणाले.

पण त्या कौतुकानंतर मॅनेजरला हा चहा फारच आवडला. पुढच्या सरावाला त्याने मालकांना आणलं. त्याच्या पुढच्याला कुठल्याशा विमा कंपनीचे साहेब. दर वेळी पाहुणा, दर वेळी पहिला कप पाहुण्याला. बाबा आपली पाळी यायची वाट बघत राहिले.

मग एका दुपारी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामाला आग लागली. आत हमाल अडकले होते. भाई आत शिरला, त्यांना पुढच्या दाराने बाहेर ढकललं. तेवढ्यात पुढची बाजू पेटली म्हणून तो मागच्या शटरकडे पळाला. शटर वीतभरच वर जात होतं. आतून माल लावून लावून ते अडवलेलं होतं. भाई तिथेच गेला.

बाबा घरी आले आणि मोरीत कितीतरी वेळ हात धूत बसले. आईने चहा ठेवला तर त्याला शिवले नाहीत. "त्या शटरचं सांगायचं व्हतं," एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते इतकं हळू बोलले, की आईला पुन्हा विचारावं लागलं.

मी कर्नलना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण जायलाच नको होतं." अहवालात त्यांनी एक वाक्य घातलं, बघणारे आले की बघायची गोष्ट बदलते, अशा अर्थाचं. वाक्य खरं आहे. माणूस सच्चा आहे. पण भाई त्या एका ओळीत मावला, हे मला अजून सहन होत नाही. दोष कुणाचा, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. जो तो चांगलाच वागला होता. निदान एखादा नालायक सापडला असता तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

काही महिन्यांनी भाईची बायको दिराबरोबर गावाहून आली, कागदपत्रांच्या कामासाठी. मी तेव्हा सुट्टीवर घरी होते. बाबांनी काम सोडलं होतं. ती आमच्या पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली. आईने पहिला कप तिला दिला, पाहुणी म्हणून. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि बाबांकडे बघत म्हणाली, "वो घर आते थे तो बताते थे, आपके यहाँ पहला कप जिसका, पहली बात उसकी."

बाबांनी मान हलवली.

"तो भाईसाहब, एक ही बात पूछनी है. पीछे का दरवाज़ा था ना? फिर वो निकले क्यों नहीं?"

दीर खाली बघू लागला. आई ओट्याशी थांबली. बाबांच्या हातात अजून कप आला नव्हता, तरी ते बोलले. शटर कधी पाहिलं, माल कसा लावला होता, कोणत्या चहाला सांगायचं ठरवलं होतं, तो कप कुणाला दिला, सगळं. मोडक्या हिंदीत, सावकाश, काही न लपवता. याच बोलण्यासाठी, कर्नल आले त्या दिवशी सकाळी, त्यांनी भांग पाडला होता.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिने हातातला कप, एक घोटही न घेता, बाबांसमोर ठेवला.

"उस दिन आप ही पी लेते, भाईसाहब," ती म्हणाली.