आक्कांच्या पोटातली राखण

"माझी पात धर जरा, आलेच," असं म्हणत आक्का खुरपं मातीत रोवायच्या आणि उसाकडं पळायच्या.

खुरपायला आम्ही बायका ओळीनं बसतो. जिची तिची पात ठरलेली. एखादी मागं राहिली तर शेजारणीनं तिचीही पात पुढं न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. राहू गावच्या शिवारात आक्कांची शेजारीण मी. बाकीच्या चिडवायच्या, "हिला रानातबी सासू मिळाली."

आक्काही हसायच्या. "पोटात माझ्या वडापची जीप हाय. भरली की सुटती." पण एकदा उसातून आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. रक्त जातंय, असं माझ्या कानाशी बोलल्या. मूळव्याध समजून त्या वर्षभर पाल्याचा रस पीत होत्या. लाजेपायी घरातही सांगितलं नव्हतं.

पुण्याच्या दवाखान्यात पाट्या वाचायला त्यांनी मला नेलं. मी चौथी शिकलेली. पाटी वाचता यायची, पण कुणाला काही विचारायचं धाडस होईना.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी अंगात असतात, त्याच आक्कांच्या आतड्यावर उठल्या होत्या. पहिल्या खेपेला दिलेल्या गोळ्यांनी भागलं नव्हतं. पुढचं औषध सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून रक्तातल्या आणि आतड्याच्या तुकड्यातल्या पेशी तपासून आधी अंदाज घ्यायचा. हे काम अजून नवीन आहे, खात्री देता येत नाही, असंही म्हणाल्या.

"म्हंजी राखणीला ठेवलेलेच घर फोडत्यात," आक्का म्हणाल्या. बाई हसल्या.

"आन् कुठलंच औषध न्हाई चाललं तर?"

बाईंचं हसू गेलं. आतड्याचा तेवढा भाग काढावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

रिपोर्ट येईपर्यंत आक्का भेटतील तेव्हा मलाच विचारायच्या, "काय ठरवलं असंल गं त्या राखणदारांनी?" मी रिपोर्टची तारीख पुन्हा वाचून दाखवायची.

नेहमीचं औषध बहुतेक चालणार नाही, असा अंदाज निघाला. मग दुसरं, सलाईनमधून द्यायचं ठरलं.

तुम्ही कुणाच्या उशाशी बसला असाल, तर सलाईनचा पहिला थेंब सुटताना काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक असेल. आक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. नजर स्वतःच्या पोटाकडं.

"मी सांगितलंय त्यांस्नी," त्या हळूच म्हणाल्या. "नवीन माणूस येतंय. त्याला आत येऊ द्या."

सध्या त्या पुण्याला लेकीकडं आहेत. औषध लागू पडलं की नाही, हे कळायला वेळ लागतो म्हणे. फोन वाजतो, त्यावर त्यांच्या लेकीचं नाव दिसतं, आणि माझा हात पुढं होत नाही.