तीनवर बसलेला तीन

पांढरकवड्यात अब्बांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यांच्या हाताखाली मी वीस वर्षं काढली. आमच्याकडे एक नियम फार कडक: बंदुकीवर कारखान्यानं ठोकलेल्या नंबराच्या ठशांना हात लावायचा नाही. पॉलिश नाही, कानस तर नाहीच.

निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. त्या वेळी जवळच्या खेड्यातले एक म्हातारे शेतकरी आजोबांच्या वेळची रायफल घेऊन गेले आणि अडकले. परवान्यावर नंबरचा शेवटचा आकडा इंग्रजी तीन, नळीवर मात्र आठसारखं काहीतरी, आणि तेवढाच भाग लखलखीत घासलेला. शेवटची दुरुस्ती आमची, म्हणून ठाण्यातल्या साहेबांनी आम्हालाही बोलावलं. नंबर बदलल्याचं ठरलं असतं तर रायफल जप्त झाली असती आणि अब्बांचा परवानाही गेला असता.

"हे कोनं घासलं, भाऊ?" अब्बांनी विचारलं.

"दसऱ्याले पूजेत ठेवतो ना. सुनेनं समईसंगं चिंच लावून घासली."

मला त्या चिंचेचा असा राग आला की विचारू नका.

अब्बांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. साहेब म्हणाले, "तुम्हीच बघा ना, चाचा."

"माह्यापेक्षा तिले चांगलं दिसते, साहेब."

आठ नव्हताच तो. कारखान्यात ठोकताना ठसा उसळला असावा; तीनवर दुसरा तीन जरा डावीकडे सरकून बसला होता. जुन्या रायफलींत असे ठसे मी पाहिलेत. वरचा काळा रंग चिंचेनं खाल्ला होता, पण दोन्ही खाचांच्या तळाशी तो शाबूत होता. म्हणजे दोन्ही ठसे कारखान्यात रंग चढण्याआधीचे. मग मी नळीखालचं लाकूड उतरवलं. नळीच्या पोटाशी, जुन्या तेलाखाली, तोच नंबर निघाला आणि त्यातला तीन अगदी स्वच्छ.

साहेबांनी स्वतः दोनदा पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं, नंबर मूळचाच.

"आता दसऱ्याले काय करू, बाई?" म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं.

"कुंकू लावा. चिंच वरणात घाला."

"तपासणाऱ्याची सही," म्हणत साहेबांनी वही अब्बांपुढे सरकवली. अब्बांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन मला दिलं.

"जिनं पाह्यलं, तिची सही."

वीस वर्षांत दुकानाच्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. मी सही केली. अक्षर एकदाच आणि नीट उमटलं.