गाळलेलं वाक्य

सिंधू खांबेटेचे पाय दुखत होते, ही काही बातमी नव्हे. योकोहामात येऊन तिला सहा वर्षं झाली होती. त्यातली चार वर्षं ती सकाळी सहापासून अकरापर्यंत बेंतोच्या कारखान्यात उभी राहून जपानी डब्यांमधल्या भाताच्या चौकोनावर लोणच्याची एकेक फोड ठेवत आली होती. नवरा चंद्रहास एका बँकेच्या जुनाट सॉफ्टवेअरची डागडुजी करायला पुण्याहून आला आणि दोन वर्षांचं कंत्राट म्हणता म्हणता इथेच रुतला. मुलगी चैत्राली मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची, तेही मनात आलं तर.

अशी ही बाई आफ्रिकेच्या भानगडीत पडली कशी, असं इथली मराठी मंडळी गणपतीच्या जेवणात एकमेकांना विचारत. उत्तर साधं होतं. तिला जपानी शिकवणाऱ्या इशिकावा-सान, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, नऊ माणसांचा एक गट चालवत. आफ्रिकेत जिथे माणसांवर अन्याय होतो तिथली गोष्ट इथल्या लोकांच्या कानावर घालायची, एवढंच गटाचं काम. स्टेशनबाहेर सह्या गोळा करणं, भाषणं, माहितीपट, आफ्रिकी पद्धतीचं शेंगदाण्याचं सूप. गटाला इंग्रजीचं जपानी करणारं माणूस हवं होतं. इशिकावा-साननी विचारलं आणि सिंधूला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणता न येणं हा तिचा जुनाच आजार.

दर कार्यक्रमाला तेच वीस-बावीस चेहरे. पुढच्या रांगेत टोपीवाले आजोबा, जे दहाव्या मिनिटाला झोपत. संपल्यावर भाड्याच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीवरच्या मांडणीच्या नकाशाप्रमाणे जिथल्या तिथे लावून, मजला पुसून, खोलीची किल्ली परत द्यायची. जग बदलायला निघालेल्या माणसांचा निम्मा वेळ खुर्च्या लावण्यात जातो, हे सिंधूला इथे कळलं.

दोन वर्षांपूर्वी गटात अकेलो आली. युगांडाच्या उत्तरेकडली, वयाने सिंधूएवढीच. बंडखोरांनी तिचा अकरा वर्षांचा मुलगा ओपियो पळवून नेला होता आणि तो परत आला नव्हता. तिने इथे आसरा मागितला होता. अर्जाचं उत्तर येईपर्यंत ती एका चर्चच्या खोलीत राहायची आणि गटाच्या कार्यक्रमांत आपली हकीकत सांगायची. ती इंग्रजीत एक वाक्य बोलणार, सिंधू ते जपानीत म्हणणार. भाषांतर करणाऱ्याने ‘त्या म्हणतात’ असं म्हणायचं नाही, सरळ ‘मी’ म्हणायचं, हा इशिकावा-सानचा नियम. त्यामुळे ‘माझा मुलगा अकरा वर्षांचा होता’ हे सिंधूच म्हणायची आणि घरी येऊन चैत्रालीच्या खोलीत एकदा डोकावायची. मुलगी कानात गाणी घालून बसलेली असे.

घोळ झाला तो पहिल्याच कार्यक्रमात. अकेलो म्हणाली, “धान्याच्या कणगीमागे माझा मुलगा लपला होता. माझ्या सख्ख्या दिराने स्वतःचा पोरगा वाचावा म्हणून बोट करून त्याला दाखवून दिलं.” सिंधूच्या तोंडात शब्द तयार होते. समोर बावीस परकी माणसं बसली होती. आणि ती म्हणाली, “कणगीमागे माझा मुलगा लपला होता. बंडखोरांनी त्याला शोधून काढलं.”

खोटं त्यात काही नव्हतं. दीर तेवढा गळला. मिरजेला तिच्या आईने जन्मभर एकच शिकवण जपली होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरची लक्तरं चारचौघांत टांगायची नाहीत. सिंधूला वाटलं, दुःखाच्या भरात बोलून गेली बिचारी, उद्या पस्तावेल. आपण अकेलोवर उपकार केला असंच तिला वाटलं, हे जास्त वाईट. पुढच्या वेळी तेच श्रोते समोर. मध्येच दीर कुठून आणायचा? मग तिने तो दुसऱ्यांदा गाळला. असे चौदा कार्यक्रम झाले. चौदाही वेळा अकेलो ते वाक्य बोलली आणि चौदाही वेळा सिंधूने ते गिळलं.

यंदाच्या मार्चमध्ये अर्ज नामंजूर झाला. गावाकडे हाच दीर आता जिल्ह्यातलं बडं प्रस्थ होता. पळवलेल्या मुलांच्या चौकशीला गावात आलेल्या लोकांपुढे अकेलोने त्याचं नाव घेतलं, म्हणून त्याने तिला जिवे मारायची धमकी दिली होती. तिची सगळी भीती त्या एकाच माणसाची होती. अर्जासोबत तिने, स्वतःला वाचता येत नसलेलं, गटाचं जपानी वार्तापत्र मोठ्या विश्वासाने जोडलं होतं. इशिकावा-साननी ते सिंधूचं जपानी ऐकून लिहिलेलं. त्यात दिराचा पत्ताच नव्हता. नकाराच्या पत्रात लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी जाहीर सभेत ज्याचा उल्लेखही नाही, ते पात्र नंतर जोडलेलं दिसतं.

अपील मेअखेर करायचं होतं. अकेलोच्या वकीलबाई म्हणाल्या, हे वाक्य कसं सुटलं ते लेखी पाहिजे. अकेलो सिंधूला म्हणाली, “इशिकावा-सान म्हाताऱ्या आहेत. लिहिताना राहून गेलं असेल. त्यांच्यावर रागावू नकोस.”

सिंधू नऊ दिवस गप्प राहिली. दहाव्या दिवशी इशिकावा-सानच्या घरी जाऊन तिने सगळं सांगितलं. इशिकावा-साननी चहा ओतला, कप तिच्यापुढे सरकवला आणि त्या म्हणाल्या, “माझ्याकडून लिहायचं राहिलं, असं मी लिहून देते. सिंधू-सान, तुम्ही यात पडू नका. अकेलो-सानना कळलं तर त्यांचा धीर सुटेल.” तसा कागद लिहून, खाली शिक्का मारून त्यांनी तो तिच्याकडे दिला.

चंद्रहासचंही तेच मत. “इश्यू क्लोज होतोय ना? मग तू कशाला अंगावर ओढून घेतेस?”

“अरे, पण लिहिताना राहिलं हे खोटं आहे.”

“त्या स्वतः म्हणतायत ना! आधीच किती दमतेस तू. चेहरा बघ आरशात.”

दमली तर ती होतीच. कारखान्याने दमली, सह्यांनी दमली, दुसरीचं दुःख ‘माझं’ म्हणून म्हणून दमली. कुणीतरी आपलं ओझं उचलतंय तर उचलू दे, असं तिला अगदी मनापासून वाटलं. कागद तिने पर्समध्ये ठेवला.

मे महिन्यात आफ्रिकेवरच्या मोठ्या परिषदेसाठी योकोहामा नटलं. रस्तोरस्ती पताका, शाळाशाळांत आफ्रिकन देशांचे झेंडे. मंत्री येणार, अध्यक्ष येणार. चैत्रालीने वर्गात कुठल्याशा देशाचं राष्ट्रगीतही पाठ केलं होतं. गटाचा कार्यक्रम त्याच आठवड्यात, वॉर्डाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, दुपारी दोन ते पाच. तरीही माणसं तेवीसच. सव्वातीनला अकेलो बोलायला उभी राहिली. सिंधू सकाळची पाळी करून आली होती आणि तिच्या टाचा ठणकत होत्या.

अकेलो कणगीपर्यंत आली. मग नेहमीसारखं खाली पाहत तिने ते वाक्य म्हटलं. पंधराव्यांदा.

सिंधूला तिचे हात दिसले. दरवेळी या वाक्याला ती टेबलाची कड धरायची. हे सिंधूने चौदा वेळा पाहिलं होतं आणि चौदा वेळा दुसरीकडे बघितलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली.

“माझ्या सख्ख्या दिराने,” ती जपानीत म्हणाली, “स्वतःचा मुलगा वाचावा म्हणून माझ्या मुलाकडे बोट केलं.” टोपीवाले आजोबा जागे होते. “यापुढचं मी माझं बोलते. मी सिंधू खांबेटे. अकेलो-सान हे वाक्य दोन वर्षं दर कार्यक्रमात बोलत आल्या आहेत. मी ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. मला लाज वाटली. वार्तापत्रात ते नाही, ते माझ्यामुळे, इशिकावा-सानमुळे नव्हे. वकीलबाईंना कागद मी माझ्या नावाने देईन.”

इशिकावा-सानचं पेन थांबलं. अकेलोने मान वळवली.

“माझं वाक्य एवढं लांब नव्हतं,” ती इंग्रजीत म्हणाली.

मग सिंधूला तेच सगळं तिला इंग्रजीत सांगावं लागलं. तेवीस माणसांसमोर, खुर्चीची पाठ धरून. अकेलोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ओरडेल, निघून जाईल, असं सिंधूला वाटत होतं. पण अकेलो फक्त खाली बसली.

“हे वाक्य म्हटलं की मी दोन-दोन दिवस आजारी पडायचे,” ती म्हणाली. “वाटायचं, असू दे, निदान कुणीतरी ऐकलं.” मग म्हणाली, “म्हणजे कुणीच ऐकलेलं नाही.”

“नाही,” सिंधू म्हणाली.

अकेलोने पाण्याचा पेला उचलला, संपवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत आले होते.

“खोली कधीपर्यंत आहे?”

“पाचपर्यंत.”

“मग पहिल्यापासून सांगते,” असं म्हणून ती टेबलाची कड धरून उभी राहिली. “तू फक्त मी म्हणते तेच म्हण.”

इशिकावा-साननी वहीचं कोरं पान उघडलं. अकेलो बोलू लागली, आणि सिंधू तिच्यामागून म्हणाली, “माझा मुलगा अकरा वर्षांचा होता.”